झोपेच्या गोळीचं स्थळ

चौकशी केल्याशिवाय आमच्या मामांनी आयुष्यात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सोलापुरात नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. पण कापड विकणं हा नुसता जोडधंदा, खरा धंदा लग्नं जमवण्याचा, आणि तोही फुकटात. सोलापूर, वळसंग, अक्कलकोट आणि पार कर्नाटकाच्या हद्दीपलीकडे त्यांनी जमवलेले संसार पसरलेले आहेत, आणि त्यातले बहुतेक अजून टिकून आहेत. मुलाची चौकशी ते मुलाच्या नातेवाइकांकडे कधीच करत नसत. "पाव्हणे कधी वाईट सांगतेत व्हय?" म्हणत ते मुलगा जिथं केस कापतो, जिथं चहा पितो, तिथं जाऊन तासन्‌तास बसत. शिवाय मुलगा बघायचा तो सकाळी, आणि न कळवता. "संध्याकाळी समदीच माणसं चांगली दिसतेत. अंथरुणातनं उठल्यावर कसा हाय, ते बघावं," हा त्यांचा सिद्धान्त. आईवर खेकसून टॉवेल मागितला एवढ्यावरून त्यांनी एका चांगल्या इंजिनियरला नापास केलं होतं. त्यांची पसंती मराठीत येई आणि नकार कानडीत. "ब्याड", म्हणजे नको, असं एकदा तोंडातून गेलं की विषय संपला, मग मुलगा कलेक्टर का असेना. आणि ते फार चिकित्सक होते असंही नाही. "खोड न्हाय असं स्थळ नसतंय. आपल्याला कुठली खोड सोसतीय, तेवढं बघायचं," असं ते मुलीच्या बापाला समजावत. हे ऐकलं की आतून आत्याचा आवाज ठरलेला: "समद्या जगाची पसंती विचारत फिरतेत. मला तेवढी कुणी विचारली न्हवती." त्यावर मामा डोळ्यांवर असलेला चष्मा खिशात शोधू लागत.

अशा माणसाची झोप उडाली. त्याचं कारण आत्याच्या बांगड्या. आत्याला मधुमेह आहे, इन्शुलिनची सुई घ्यावी लागते, आणि गेल्या वर्षी दोन-तीनदा तिची साखर झोपेतच एकदम उतरली. अशा वेळी तिला दरदरून घाम येतो, जीभ जड होते, हाक मारता येत नाही. पण हात तेवढा हलतो. तेव्हा ती हातातल्या बांगड्या खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवते, मामा उठतात, साखरेचं पाणी पाजतात. डॉक्टरांनी सुईचं प्रमाण कमी केल्यापासून पुन्हा असं झालेलं नव्हतं, पण मामांचे कान जे पहाऱ्यावर बसले ते उठायला तयार नाहीत. पुण्याहून त्यांच्या मुलानं दंडावर चिकटवायचं एक यंत्र पाठवलं, साखर उतरली की मोबाईलवर बोंब मारणारं. आत्या त्या कुशीवर वळली की ते उगाचच बोंबलायचं. आठवडाभरानं मामांनी ते काढून, पुसून, डबीत घालून पुण्याला परत पाठवलं. "पोरगं हुशार हाय, पण खोटं बोलतंय," एवढंच म्हणाले. मुलाबद्दल की यंत्राबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.

सुरुवातीला आम्हाला सगळ्याची गंमतच वाटली. सात रस्त्याच्या सिग्नलवर मामा स्कूटरवर बसल्या बसल्या पेंगले आणि मागच्या रिक्षावाल्यानं उतरून त्यांना खांद्याला धरून हलवलं, "चाचा, हरा हो गया." स्वतः जमवलेल्या एका लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत डुलकी काढली आणि सगळ्या अक्षता आपल्याच मांडीवर सांडल्या. पण एका सकाळी त्यांनी आत्याला सुई दिली, पेपर चाळला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुई भरून तिच्यापुढे उभे राहिले. आत्यानं हात मागे घेतला. "आत्ताच सुई दिलासा की!" मामांनी ती सुई मोरीत रिकामी केली. आत्या त्यांना पाणी देत म्हणाली, "आता मला साखरेची न्हाय, तुमची भीती वाटालीय." हे ती हसत म्हणाली असती तर बरं झालं असतं. मामांनी ते पाणी न पिता ठेवून दिलं आणि त्याच दिवशी ठरवलं की झोप मिळवायची. आणि मिळवायची ती रीतसर चौकशी करून.

पहिली पाळी घरगुती स्थळांची. जायफळ उगाळून घातलेलं दूध त्यांनी एकदाच घेतलं आणि "जायफळ श्रीखंडात शोभतंय" म्हणून वाटी सरकवली. तळपायाला तेल चोळलं तर रात्रीतून उठल्यावर पाय घसरेल आणि आत्यापर्यंत पोचायच्या आधी आपणच आडवे होऊ, म्हणून तेल बाद. काशाच्या वाटीनं तळपाय घासून घ्यायचा प्रयोग झाला, पण त्यात घासता घासता आत्यालाच झोप लागली. मामा म्हणाले, "गुण हाय की! पण माणूस चुकलं."

मग डॉक्टर. डॉक्टरीणबाईंचं लग्न मामांनीच जमवलेलं, त्यामुळे त्यांना मामांवर रागावता येत नाही. त्यांनी आधी संध्याकाळचा चहा आणि दुकानातली दुपारची डुलकी बंद केली. एप्रिलच्या दुपारी, सगळं सोलापूर कूलरपुढे आडवं झालेलं असताना, मामा व्हरांड्यात लाकडी खुर्चीवर ताठ बसून स्वतःला चिमटे काढायचे. ठरवलं की ठरवलं. एवढं करून रात्री पडायचे ते टक्क जागेच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा विषय काढला. मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि ज्या सुरात मुलाचं घराणं विचारतात त्या सुरात विचारलं, "खोडी काय काय?" बाईंनी एकेक सांगितलं. एक सकाळी डोळ्यांवर झापड ठेवते, दुसरीची सवय लागते, तिसरीनं तोंड कोरडं पडतं आणि क्वचित उठताना चक्कर येते. "मामा, बिनखोडीची गोळी नसते," त्या म्हणाल्या. "ते मला सांगालीस व्हय? आयुष्यभर तेच सांगून लग्नं लावलो की," मामा म्हणाले. "ह्या गोळ्या घेनारी गावातली माणसं कोन, तेवढं सांग." ते काही डॉक्टर सांगत नसतात. पण मामांना ते शोधून काढायला किती वेळ लागणार! नवी पेठेतल्या ओळखीवर त्यांना आठवड्यात दोन घरं मिळाली, आणि त्यांनी मला बरोबर घेतलं, कारण स्कूटरची किल्ली आत्यानं केव्हाच काढून घेतली होती.

पहिलं घर एका निवृत्त मास्तरांचं. आम्ही सकाळी सातला, अर्थातच न कळवता, दारात. मास्तरांनी आमचं स्वागत केलं, चहा सांगितला, आणि आम्ही निघताना मामांच्या चपला घालून आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले. मामांनी अनवाणी पायांनी माझ्याकडे बघितलं. "ब्याड." मास्तरांच्या बायकोनं आतून ओरडून सांगितलं की ते लग्नाच्या दिवसापासून असेच आहेत, गोळीला दोष देऊ नका. पण नकार कानडीत जाऊन चुकला होता.

दुसरं घर पूर्व भागात, चादरींच्या कारखान्याच्या तेलुगू मालकांचं. हे गृहस्थ ताजेतवाने, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसलेले. तोंड कोरडं नाही, चक्कर नाही, सवय नाही. मी मनात म्हटलं, जमलं. आणि त्या भल्या माणसानं अभिमानानं सांगितलं, "काय गोळी आहे हो! परवा रात्री आमच्या खिडकीखालून वरात गेली. बँड, फटाके, सगळं. मला पत्ता नाही." मामांचा चेहरा हळूहळू मावळला. बँड ऐकू न येणाऱ्याला बांगडी कुठून ऐकू येणार? परतीच्या वाटेवर अशोक चौकात मी गाडी थांबवली तेव्हा मागून म्हणाले, "वाईट स्थळाला नकार द्यायला काय लागत न्हाय गं. चांगल्याला द्यायला लागतंय, तवा जीव जातो."

मला तेव्हा सगळं नीट कळलं. मामा गोळीच्या खोडींना भीत नव्हते. गोळी गुणी निघेल, याला भीत होते. जगातली एकही गोळी त्यांच्या पसंतीस उतरणार नव्हती, आणि न झोपता ते एक दिवस आत्याला दुसरी सुई देणार होते. मी गाडी बंद केली आणि तिथंच म्हटलं, "मामा, एखाद्या शनिवारी मी तुमच्याकडे झोपायला येते. तुम्ही गोळी घ्या. बांगड्या मी ऐकते."

इथं वाचकांना सांगायला हवं की मामांना हार पत्करावी लागलेलं एकमेव प्रकरण म्हणजे मी. त्यांनी आणलेली स्थळं मी एकामागून एक नाकारली आणि आता मी पस्तिशीची, एकटी आणि मजेत आहे. त्या सगळ्या मुलांना काय वाटलं असेल, ते मला पुढच्या आठवड्यात समजलं. कारण मामांनी माझी चौकशी सुरू केली. आमच्या कचेरीखालचा चहावाला मला म्हणाला, "ताई, अभिनंदन! कुठलं स्थळ?" मी म्हटलं, कसलं स्थळ? "एक आजोबा येऊन बसले होते. ताई दुपारी पेंगतात का, एका हाकेत ओ देतात का, विचारत होते. मी चांगलंच सांगितलं." संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीनं माझ्याकडे पेढे मागितले.

मग प्रत्यक्ष परीक्षा. रविवारी दुपारी मला जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, वर आत्याचा आग्रह. जेवण झाल्यावर मामांनी मला बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपायला सांगितलं आणि आत्याला आत खाटेवर बसवलं. मला जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते आणि मामा हाताची घडी घालून माझ्या डोक्याशी उभे होते. आत्या आतून म्हणाली, "वाजवून वाजवून एक बांगडी फुटली गं."

"ब्याड," मामा म्हणाले.

मला असा राग आला म्हणता! आयुष्यात मला कुणी नापास केलं नव्हतं, आणि केलं ते झोपेत. मी उठून बसले. "मामा, तुम्ही घरात टक्क जागे होतात. जागा माणूस घरात असला की दुसरा निर्धास्त झोपतो. आत्या नाही का झोपत, तुमच्या भरवशावर? अशी कुठं परीक्षा होते? मुलीच्या आईला काय सांगता तुम्ही? आठवा."

आतून आत्यानंच त्यांचं वाक्य त्यांना ऐकवलं, "नांदल्याबिगर कळत न्हाय."

मामा खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या खोडी मोजायला लागले: हट्टी आहेस, उलट बोलतेस, उशिरा उठतेस. मी म्हटलं, सोसतात का बोला. मामांनी उठून आत्याच्या खोलीत एकदा डोकावून घेतलं. "एक शनिवार," म्हणाले, पण पसंत म्हणाले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तोंड कोरडं पाडणारी गोळी निवडली, तीही अर्धी, आणि रात्री उठताना एकदम उभं राहायचं नाही, अशी ताकीद दिली.

त्या शनिवारचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. मामांनी मला साखरेच्या पाण्याचा पेला पुन्हा पुन्हा दाखवला, मी आत्याच्या खाटेशेजारी गादी घातली, आणि मामा बाहेरच्या खोलीत, रुसून सासरी चाललेल्या नवरीसारखे, गोळी घेऊन पडले. रात्री एकदा बांगड्या वाजल्या आणि मी ताडकन उठले. आत्याची साखर उतरली नव्हती. "बघालते," ती कुजबुजली, "तू उठतीस का. आनि ते उठतेत का." बाहेरून मामांचा संथ श्वास ऐकू येत होता. ते उठले नव्हते.

सकाळी मी जागी झाले तर आत्या खाटेवर नाही. बाहेर येऊन बघते तर ती मामांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसलेली. ऊन मामांच्या पायांवर आलेलं, तोंड थोडं उघडं, चष्मा नाही, एक हात पलंगाखाली लोंबतोय. कुणावर पहारा नाही, कुणाची चौकशी नाही. तिनं मला बोट ओठांवर ठेवून थांबवलं. मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, दूधवाल्याला तिनं खिडकीतूनच खुणेनं परत पाठवलं होतं.

"लग्न झाल्यापासनं रोज माझ्यानंतर झोपले, माझ्याआधी उठले," ती हळूच म्हणाली. "झोपल्यावर कसे दिसतेत, मी बघितलंच न्हवतं गं."

मला त्या क्षणी दोघांचाही हेवा वाटला. एवढी स्थळं नाकारून ही सकाळ मी कुठून आणणार होते? ते लपवायला मी थट्टेनं विचारलं, "मग? कसे दिसतात?"

आत्या बराच वेळ बघत राहिली. मामांनी झोपेतच कूस बदलली, तशी तिनं दोन्ही हातांतल्या बांगड्या, वाजू नयेत म्हणून, पार कोपरापर्यंत वर सरकवून घट्ट बसवल्या.

"पसंत हायत," ती म्हणाली.