बबनभाऊंची बिघडवलेली खेळणी

एखाद्याच्या दुकानाला आपलं दुकान लागून असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते भिंतीतून येतात! घोडेगावात तहसील कचेरीच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मध्ये पत्र्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे बबनभाऊंचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंग. दाखल्याच्या झेरॉक्सला आलेला माणूस मध्येच दचकतो आणि विचारतो, "शेजारी काय कापतात का हो?" मी म्हणतो, "नाही, वाजवतात." या एका उत्तरावर माझी निम्मी हयात गेली.

बबनभाऊ पूर्वी बेंजो पार्टीत की-बोर्ड वाजवायचे. डीजे आले, पार्टी मोडली. मग रेडिओ दुरुस्त करायला लागले, तर रेडिओच गेले. आता मिक्सर, इस्त्री आणि रिमोटवर पोट चालतं, पण बोटांची खाज काही जात नाही. आणि एक सवय बेंजोपासूनची: वाजवताना डोळे मिटतात. अगदी गच्च! कोणी हाक मारली तरी उघडत नाहीत.

* * *

या सगळ्याची सुरुवात एका बाहुलीपासून झाली. डिंभ्याची एक मावशी नातीची बाहुली घेऊन आली. पोट दाबलं की इंग्रजीत एकच वाक्य बोलणारी, सेलवरची. ती मुकी झाली होती. बबनभाऊंनी पाठीचे स्क्रू काढले. उन्हाळ्याचे दिवस, हाताला घाम. घामेजलं बोट आतल्या हिरव्या सर्किटवर कुठंतरी पडलं आणि बाहुली अशी काही हंबरली, की बाहेर बांधलेली शेळी उभी राहिली!

दुसऱ्या कोणी बोट काढलं असतं. बबनभाऊंनी दुसरं बोट ठेवलं. मग तिसरं. बाहुली रडली, गुरगुरली, तिनं शिट्ट्या मारल्या. बबनभाऊंचे डोळे मिटले. मावशी बाकावर बसून वाट बघत राहिली आणि डिंभ्याची एसटी समोरून निघून गेली. ती गाडी एकदा गेली की पुढची कधी, हे डेपोलाही ठाऊक नसतं.

"झाली का वं बरी?" मावशीनं शेवटी विचारलं.

"मावशी, बरी व्हती तवा येकच वाक्य बोलायची. आता बघा, लई बोलती!"

शेवटी मावशीला स्कूटरवर सोडायला जावं लागलं. बाहुली डिकीत. प्रत्येक धक्क्याला तिचं पोट दाबलं जायचं आणि ती किंचाळायची. घोडेगाव ते डिंभे रस्त्यात खड्डे किती, ते त्या दिवशी बाहुलीनं सगळ्या वाड्यावस्त्यांना ओरडून सांगितलं! धरणाजवळ पोचल्यावर मावशी उतरली, डिकीकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. नातीला मी दुसरी घेईन."

* * *

तेव्हापासून हा उद्योग. सेलवर चालणारं जुनं खेळणं आणायचं, उघडायचं, ओलं बोट फिरवायचं. जिथं दोन ठिपक्यांमध्ये काही भलतं ऐकू येईल तिथं वायर सोल्डर करायची, बटण लावायचं, जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम बसवायचा. झालं वाद्य! सायरनची पोलीस जीप, एबीसीडी म्हणणारी पाटी, पोरांचा गाणारा मोबाइल, सगळ्यांची जात बदलली.

गिऱ्हाइकांचा मात्र गोंधळ व्हायचा. एकदा एक गुरुजी पोराचा खेळण्यातला पियानो घेऊन आले. "याची 'सा'ची पट्टी अडकते. करून द्या."

बबनभाऊंनी वाजवून बघितला आणि हळहळले. "गुरुजी, एवढीच येक पट्टी चांगली वाजतीया. बाकीच्या तशा करून देऊ का?"

* * *

याच गुरुजींनी पुढे शाळेच्या गॅदरिंगला बोलावलं, 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून. माणूस भला, पण पियानोचा अनुभव विसरला असावा. बबनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. स्टेजवर टेबल, टेबलावर बाहुली, जीप आणि पाटी. समोर मंडप गच्च भरलेला. त्यांनी डोळे मिटले.

मी विंगेत उभा होतो, म्हणून सगळं बघितलं. आधी पहिल्या रांगेतली बाळं रडली. बाळांमागे आया गेल्या. आयांमागे बाप गेले. प्रमुख पाहुण्यांना एकदम फोन आला. गुरुजी पाहुण्यांना सोडायला गेले ते गेलेच. बबनभाऊ मात्र रंगात! शेवटी जीपचा सायरन हळूहळू लांबवत नेऊन त्यांनी सोडला आणि डोळे उघडले.

मंडपात एकच माणूस. मधल्या रांगेत, शांत बसलेला. बबनभाऊंना भरून आलं. स्टेजवरून उतरले, त्याचा हात हातात घेतला. "भाऊ, तुमी येकटं बसला शेवटपतुर. लई बरं वाटलं!"

तो म्हणाला, "मी मंडपवाला हाय. खुर्च्या न्यायच्यात."

परत येताना बबनभाऊ स्कूटरवर माझ्या मागं बसले होते. घोडेगाव जवळ आल्यावर म्हणाले, "मला टाळ्या नगंत राव. येक मानूस पायजे. सोताहून आलेला, मधनं न उठलेला. बास!" मी म्हणालो, "मी आहे की." तर म्हणाले, "मित्र आन् बायको धरायची नाय." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, मीही विंगेत कानात बोटं घालूनच उभा होतो.

* * *

आमच्या टोळीतले तिसरे म्हणजे कळंबचे गोरखतात्या. नदीकाठी ऊस, घरी गाई, आणि जिभेला लगाम नाही. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात वरात निघाली आणि डीजेचा जनरेटर बंद पडला. पोरं हिरमुसली. गोरखतात्या ओरडले, "बबनभाऊ, हून जाऊ द्या! तुमचं सेलवर हाय, त्याला कशाचा जनरेटर?"

बबनभाऊंनी पिशवीतून जीप काढली, छोट्या स्पीकरला जोडली, डोळे मिटले. आता बिघडवलेल्या जीपचा सायरन कसा, तर आधी पोलीस येतात, मग पोलिसांनाच कोणीतरी मारतंय असं वाटतं. नवरदेवाच्या घोडीनं कान टवकारले. आयुष्यभर डीजेसमोर नाचलेलं जनावर ते! पण हे ऐकून ती जागच्या जागी फिरली आणि जी सुटली, ती थेट मंचरच्या दिशेनं.

तिकडे मांडवात नवरी हार घेऊन उभी. भटजी घड्याळाकडे बघतायत. आणि नवरदेव बाशिंगासकट घोडीवाल्याच्या अंगणात!

घोडीवाल्याची बायको मोठी समजूतदार. तिनं आधी नवरदेवाला चहा दिला आणि मग घोडीवाल्याला फोन केला: "अवं, तुमचं पावणं हितं आल्यात. लगीन हितंच लावायचं का?"

* * *

बबनभाऊंच्या घरी शकुंतलावहिनींचा या नादाला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे सगळं घराबाहेर.

त्याच सुमारास बबनभाऊंनी पोपट केला. ऐकलेलं परत बोलणारा, प्लॅस्टिकचा. त्याच्या पोटात त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या ऑटोमॅटिक स्विचमधला उजेडाचा डोळा बसवला. भक्क उजेड पडला की पोपट जिवाच्या आकांतानं ओरडायचा. उजेड उतरला की आवाजही खाली खाली यायचा. अंधार झाला की चिडीचूप. तो नुसता टेबलावर ठेवायचा आणि वरून हात फिरवायचा. हाताच्या सावलीवर वाजायचा! बबनभाऊंची सगळ्यात लाडकी चीज.

एकदा पोपट सापडेना. दुकान पालथं घातलं, माझ्या झेरॉक्स मशीनच्या मागंही बघून गेले. शेवटी वैतागून दुकानामागच्या गल्लीत घरी गेले. वहिनी अंगणात पापड घालत होत्या. बबनभाऊंना शुगर. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. पण घरात कोणी नाही आणि फळीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. वैतागलेल्या माणसानं काय करावं? त्यांनी झाकण उघडलं.

ती किंकाळी मी दुकानात ऐकली!

वहिनी पापड टाकून आत आल्या. नवरा भिंतीला टेकलेला, छातीवर हात, आणि लाडवांच्या मध्ये पोपट बोंबलतोय. वहिनींनी शांतपणे झाकण लावलं. पोपट गप्प.

"लोक काय बी म्हनू देत," वहिनी म्हणाल्या, "तुमचं वाजवनं कामाचं हाय!"

* * *

बुद्धपौर्णिमेला विहारात बबनभाऊंनी हट्टच धरला. थोडंच वाजवतो, शांत वाजवतो. भन्ते पाहुणे होते, तरुण, हसतमुख. म्हणाले, "वाजवू द्या उपासकांना." खिडक्या अर्ध्या लावल्या, पोपट खालच्या आवाजात लावला, सोबत बाहुली. बबनभाऊंनी डोळे मिटले. समोर भन्त्यांनीही मिटले.

वंदनेला आलेली माणसं खीर घ्यायच्या निमित्तानं एकेक करून सटकली. मी निमित्त न करताच सटकलो. दारातून बघतो तर दोघं समोरासमोर, दोघांचेही डोळे बंद, आणि मध्ये बाहुली हंबरतेय.

संपलं. बबनभाऊंनी डोळे उघडले. भन्ते जागच्या जागी! बबनभाऊंनी हात जोडले. "भन्ते, तुमी बसलात. उठला न्हाईत!"

भन्ते डोळे उघडून प्रसन्न हसले. "उपासक, तुमचे उपकार आहेत. मन विचलित होतं का, हे मला कधीचं तपासून बघायचं होतं. इतकी कठीण परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती."

बबनभाऊ खिरीची वाटी घेऊन पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. "परीक्षेला बसलेला मानूस धरायचा का वं?" मी म्हणालो, धरा. त्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. "नगं," म्हणाले, "सोताच्या कामाला बसला व्हता तो."

* * *

आणि मग गोरखतात्यांच्या मळ्यातलं ते. उसात बिबट्याची ये-जा वाढली होती. आमच्याकडे त्याचं नवल नाही, पण पाण्याच्या मोटारीपाशी दोनदा दिसल्यावर मजूर यायला तयार होईनात. गोरखतात्या माझ्या दुकानात बसून म्हणाले, "बबनभाऊंना नेऊन वाजवायला लावू. मानसं टिकत न्हाईत, तिथं जनावर किती टिकंल?"

भिंत पत्र्याची. बबनभाऊ दारात येऊन उभे. "गोरखतात्या, मी वाजवनारा हाय. बुजगावणं न्हाई."

त्यानंतर त्यांनी आमच्याबरोबर चहा घेणं सोडलं. गोरखतात्या बोलून बसले होते, पण माणूस मनानं मऊ. आठवड्याभरानं आले आणि म्हणाले, "चुकलं माझं. मळ्यात बैठक ठिवतो. चार पावणं बोलावतो. मानानं वाजवा." बबनभाऊंचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना.

त्या दिवशी नवा शर्ट, वहिनींनी दिलेला अत्तराचा बोळा. मोटारीच्या खोलीपुढं ओट्यावर टेबल, टेबलावर पोपट आणि बाहुली. समोर बांधाला लागून सतरंजी अंथरलेली. पाहुणे तेवढे नव्हते! गोरखतात्यांनी खरंच बोलावलं होतं, पण कोण वाजवणार हे कळल्यावर सगळ्यांची जनावरं एकदम आजारी पडली.

"थांबू अजून," गोरखतात्या म्हणाले.

"सूर्य थांबत न्हाई तात्या. आज त्योच वाजवनार हाय. येत्याल पावणं, मी चालू करतो." बबनभाऊंनी पोपटाचं तोंड मावळतीकडे केलं, बाहुली मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

गोरखतात्यांनी मला स्टार्टर बघायला म्हणून खोलीत बोलावलं. बाहेर ऊन उतरत होतं, तसा पोपटाचा आवाज उतरत होता. आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला ते बरं वाटलं. एवढ्यात गोरखतात्यांनी माझं मनगट धरलं.

उसातून तो आला. बांधावरून सावकाश चालत आला, सतरंजीपाशी थांबला, तिचा वास घेतला, आणि तिच्या कडेला बसला. पुढचे पाय पुढे घेऊन, नीट.

ओरडावं, तर बबनभाऊ वाजवताना ऐकत नाहीत आणि तो बिथरला तर काय करील? गोरखतात्यांच्या हातात बॅटरी होती, मी ती पेटवू दिली नाही. उजेड पोपटावर पडला असता तर काय झालं असतं, ते लाडवाच्या डब्यानं शिकवलं होतं! आम्ही दार लोटून फटीला डोळे लावले.

बबनभाऊ रंगात. बाहुली हळूच हुंकारायची, पोपट तिला खालच्या सुरात उत्तर द्यायचा. बिबट्याचा एक कान बाहुलीकडे, एक पोपटाकडे. मध्ये त्यानं मोठी जांभई दिली.

"उठतोय आता," गोरखतात्या कुजबुजले.

नाही उठला. डोंगराआड सूर्य गेला. पोपट खोल खोल जात राहिला, आणि अंधारात त्याचा शेवटचा आवाज विझला. तेव्हा तो उठला, अंग ताणलं, आणि आला तसा उसात निघून गेला. पाचट वाजायचं थांबलं आणि मग बबनभाऊंनी डोळे उघडले.

समोर रिकामी सतरंजी. त्यांचा तो चेहरा मी शाळेत बघितला होता, विहारात बघितला होता.

"कुनीच आलं न्हाई, व्हय?"

आम्ही एकमेकांना धरून बाहेर आलो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आला होता. एक जण."

"कवा?"

"तुम्ही सुरू केल्यावर. शेवटपर्यंत बसला."

"मधनं उठला न्हाई?"

"नाही."

"तुमी बलावला व्हता का तात्या?"

"न्हाई वं," गोरखतात्यांचे दात वाजत होते, "सोताहून आला."

बबनभाऊ ओट्यावरून उतरले. सतरंजीची कड चुरगळली होती, तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला. जागा अजून गरम होती.

"काय म्हनला?"

"काय न्हाई म्हनला," गोरखतात्या म्हणाले.

"जाणकार मानूस जास्ती बोलत न्हाई." बबनभाऊंनी डोळे पुसले, बाहुली पिशवीत ठेवली आणि वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "उद्या येतो म्हनला का?"