तो मागे वळून बघतो का?

एका सकाळी आमच्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय गेले. गेले म्हणजे होते जागेवरच, पण त्याचं ऐकेनासे झाले. आदल्या संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या गल्लीत मांजरामागे धावलेला हा नऊ वर्षांचा गडी पुढच्या दोन पायांवर अंग ओढत माझ्यापाशी आला आणि मी मूर्खासारखा त्याला "ऊठ, ऊठ" म्हणत राहिलो.

मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू. मागच्या पायांत वेदना कळायला लागली तर आशा आहे. नाहीतर मग आपल्याला बसून बोलावं लागेल." काय बोलावं लागेल, ते मी विचारलं नाही. कात्रजहून हे पिल्लू उचलून आणणारी आमची मुलगी आता बंगळुरूला असते, तिलाही सांगितलं नाही.

मग घरी फिजिओथेरपिस्ट यायला लागली. कुत्र्यांचीही असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या मुलीच्या वयाची, सतरंजीवर फतकल मारून बसायची आणि कुत्र्याची मांडी हातांनी हळूहळू मळायची. मग पाय धरून सायकल चालवल्यासारखा फिरवायची. "काका, रोज दोनदा करायचं. आणि शेवटी पायाच्या बोटाला असा चिमटा काढायचा. तो पाय ओढून घेईल. मसलला व्यायाम होतो." एवढं सांगून ती मंगळवार-शुक्रवार येत राहिली. मधल्या दिवसांचा थेरपिस्ट मी.

मी जन्मभर हडपसरच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. सुटा भाग हातात घेतला की तो पास का नापास, हे मी क्षणात सांगायचो. इथे मात्र काहीच कळेना. त्याच्या तोंडाकडे बसलो की डावा पाय उजवा व्हायचा. मळताना तो डोळे मिटायचा, ते सुखानं की कंटाळून? सोसायटीतले एक जण म्हणाले, शेक द्या. दुसरे म्हणाले, अजिबात नको. बायको दारातून बघत म्हणाली, "स्वतःच्या खांद्याचे व्यायाम चार दिवस केलेत. हे बरं जमतंय."

बायकोचं कुत्र्याशी बोलणं नव्हतं. नऊ वर्षांत तिनं त्याला एकदाही थेट हाक मारली नव्हती. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. "तुमच्या कुत्र्याला सांगा, पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही." मीही ते त्याला गंभीरपणे सांगायचो.

दुसऱ्या आठवड्यात चिमटा काढल्यावर पाय झटकन आखडला. दुसराही! मला इतका आनंद झाला, की मुलीला फोन करून पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो. रोज कॅलेंडरवर बरोबरची खूण करायला लागलो. शुक्रवारी ते कॅलेंडर थेरपिस्टसमोर धरलं. तिचा हात थांबला.

"काका, तो मागे वळून बघतो का? चिमटा काढल्यावर?"

"पाय ओढतो ना!"

"तो रिफ्लेक्स आहे, काका. पाठीच्या कण्यातूनच परस्पर होतं ते. मेंदूला पत्ताही नसतो. त्याला दुखलं तर तो वळेल, कुरकुरेल, चावायला येईल. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, फेस बघा."

म्हटलंही असेल. मी बारा दिवस फक्त पाय बघत होतो. तपासणी खात्यातला माणूस, आणि चुकीच्या टोकाला माप लावून बसलेला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

तिनं स्वतः करून बघितलं. कुत्रा माझ्याकडेच टक लावून होता. मला बाहेर पाठवून चिमटा काढला तर तो रडायला लागला. दुखलं म्हणून की मी गेलो म्हणून? तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड बघत चिमटा काढायला लागलो, तर तो आधीपासूनच माझ्याकडे बघत असायचा. मी जवळ असलो की तो तसाही माझ्याकडेच बघतो. महिना संपायला चार दिवस उरले होते आणि माझं डोकं चालेनासं झालं.

शेवटी मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "मी त्याच्या तोंडाशी बसतो. चिमटा तू काढ." ती म्हणाली, "मला जमणार नाही," आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

मी त्याला बिस्कीट दिलं. तो माझ्याकडे बघत चघळत होता. मागे तिनं दोन बोटांत त्याचं बोट धरलं. पाय आखडला. चघळणं चालूच. दुसरा पाय, तेच.

"अहो, जोरात दाबू का?"

"दाब."

जबडा थांबला. बिस्किटाचा तुकडा सतरंजीवर पडला. त्यानं माझ्यावरची नजर काढली, मान हळूहळू वळवली आणि थेट तिच्याकडे बघितलं. भुंकला नाही, चावायलाही गेला नाही. फक्त, तुम्ही असं का केलंत, असं बघत राहिला.

त्याला दुखलं होतं आणि मी हसत होतो. तो पुढे चालेल का, किती चालेल, हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नसतं. मला तर मी रडतोय हेही उशिरा कळलं. बायकोनं त्याचा पाय अजून हातातच धरला होता. मी तिला म्हणालो, "सोड आता." तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"चुकलं रे बाळा," ती त्याला म्हणाली. "दुखलं का फार?"