अण्णाने सांगितलेला हिवाळा

आमच्या घरात हिवाळ्याची धास्ती होती ती अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला लहानपणापासून दमा. बंगळूरची थंडी ती काय थंडी, असं बाहेरगावचे पाहुणे हसून म्हणत. पण मार्गशीर्षात पहाटे धुकं उतरलं की अक्का उशांना टेकून बसायची आणि खांदे वर उचलून एकेक श्वास ओढायची. आई धोतऱ्याच्या वाळल्या पानांची पूड ताटलीत जाळून तो धूर तिच्या तोंडाशी धरायची. वडील गेले तेव्हापासून आईने ठरवूनच टाकलं होतं : दिवाळी झाली की अक्काने तंजावरला मामाकडे जायचं आणि शिवरात्रीला परत यायचं. तिथल्या उबेत ती गुणगुणत विहिरीचं पाणी ओढते, असं मामी लिहायची. आम्ही तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा आम्हा दोघींचा थोरला भाऊ. तो वेधशाळेत कारकून होता. रोजच्या नोंदी उतरवायच्या, तापमानाच्या बेरजा करायच्या, एवढंच त्याचं काम. घरी मात्र त्याच्या स्वतःच्या वह्या होत्या. मागच्या कित्येक वर्षांचे पाऊस, वारे, उपसागरातली वादळं शेजारी शेजारी मांडून, येता हिवाळा कसा जाईल ते तो आश्विनातच ताडून बघायचा. कचेरीत कुणाला याचा पत्ता नव्हता. त्याचे साहेब तर म्हणत, दोन दिवसांपलीकडचं बोलूच नये. पण अण्णाचा अंदाज चार वर्षं ओळीने खरा ठरला होता. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण आकडे वाचून दाखवायला तो मलाच बसवायचा.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी अक्काला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तिला सत्ताविसावं उलटलं होतं, दम्यामुळे तिच्या लग्नाचं बोलणंही बंद झालं होतं. शाळेत जायला लागली आणि ती वेगळीच दिसायला लागली. साडी नीट चोपून नेसायची, जेवताना वर्गातल्या मुलींच्या नकला करायची. दिवाळी जवळ आली तशी मुख्याध्यापिकाबाईंनी तिला सांगितलं, चार महिन्यांची रजा मिळणार नाही, त्या जागी दुसरी बाई घ्यावी लागेल.

"जागा गेली तर जाऊ दे. तू तंजावरला जा," आई म्हणाली.

अक्का उठली. मागच्या अंगणात जाऊन तिने तोंडात पदर कोंबला. रडली तरी तिला धाप लागायची.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. खरं सांगायचं तर मलाही ती जायला नको होती. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं, त्यामुळे अक्का गेली की सगळं घर माझ्या अंगावर पडायचं. मी अण्णाकडे गेले.

"अण्णा, यंदा थंडी कशी आहे?"

"वादळं बरीच होतील असं दिसतंय. आकाश ढगाळ राहील, म्हणजे रात्री उबदार. पण हे आपलं ढोबळ गणित. नक्की काय सांगणार?"

"चार वर्षं खरं ठरलंय ना? मग आईला सरळ सांग की."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. जेवताना तो आईला म्हणाला, "यंदाचा हिवाळा सौम्य आहे. तिला राहू दे."

आईचा अण्णावर विश्वास होता. तो सरकारी वेधशाळेतला माणूस. "सरी, तसंच होऊ दे," ती म्हणाली. अक्का येणार नाही, असं पत्र तंजावरला मीच लिहिलं.

कार्तिक खरोखरच ढगाळ गेला. मार्गशीर्षातही पंखा लावावा असं उकडे. अक्का शाळेतून येताना बाजारातून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आणायची आणि आम्ही तिघी ओसरीवर सोलत बसायचो. "अण्णा, तुला शंभरपैकी शंभर," ती त्याला म्हणाली. त्या दिवशी अण्णा जेवताना दोनदा हसला. एरवी तो हसत नसे.

नाताळ झाला आणि आकाश एकदम स्वच्छ झालं. ढगाचा ठिपका नाही. वारा कोरडा, सकाळी समोरचं घर दिसू नये असं धुकं. पहिल्या पहाटेपासूनच अक्काची छाती वाजायला लागली. अण्णा म्हणाला, "दोन दिवसांत ढग येतील." दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणाला. आईने तंजावरचं नाव काढलं, पण आता अक्काला गाडीत बसवणंही शक्य नव्हतं.

सहाव्या दिवशी शाळेत तपासणी होती. आम्ही नको नको म्हणत असताना ती डोक्याला शाल गुंडाळून गेली. दुपारी मुख्याध्यापिकाबाई तिला जटक्यात, घोड्याच्या गाडीत, घालून घेऊन आल्या. ओठ काळेनिळे पडले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि आम्ही तिला इस्पितळात नेलं. तिथे ती दोन दिवस होती. बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. शेवटची काय काढली ते मला कळलं नाही. भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना ती गेली. दुसऱ्या दिवशी ढग आले.

आईने अण्णाला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याला वाढायची, पाणी द्यायची. फक्त त्याच्याशी बोलणं तिने थांबवलं, ते अगदी तिच्या शेवटापर्यंत.

फाल्गुन लागला तेव्हा अण्णाने मला हाक मारली. त्याच्या हातात कागद होता.

"तीन महिन्यांची सरासरी काढली," तो म्हणाला. "हिवाळा सौम्यच होता. माझं चुकलं नव्हतं."

मी ओरडणार होते. पण त्याचा चेहरा पाहिला. चुकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. एखादी बेरीज, एखादा आकडा दाखवून म्हणता आलं असतं, इथे चुकलो. तसं काहीच नव्हतं. सगळा ऋतू उबदार होता आणि त्यातले ते आठ दिवस कुठल्याच गणितात दिसत नव्हते.

पुढे त्याने वेधशाळेच्या दूरच्या एका केंद्रावर बदली मागून घेतली. लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा तो आला होता. तेराव्यानंतर आम्ही दोघंच घरात होतो, तेव्हा मी त्याला माझं सांगून टाकलं : अक्का जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या सोयीसाठी. म्हणून मी तुझ्या मागे लागले.



"तू मागे लागलीस म्हणून मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत माझं गणित कुणी विचारलं नव्हतं. मला सांगायचंच होतं."

वाटलं होतं, बोलल्यावर थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही. मी उठून भात लावला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो आणि सकाळच्या गाडीने तो परत गेला.