देवाजीभाऊ टेलरचे पांढरे तुकडे

देवाजीभाऊ सकाळी दुकान उघडत, पण मशीनला हात लावण्याआधी एक काम करत. हातरुमालाएवढा पांढऱ्या कापडाचा तुकडा घेत, दुकानाबाहेरच्या तारेवर दोन चिमट्यांनी लावत आणि मगच आत जाऊन बसत. संध्याकाळी तो तुकडा काढत. सकाळचा पांढराशुभ्र तुकडा दिवसभरात चुलीजवळच्या फडक्यासारखा झालेला असे. त्याच्या कोपऱ्यात ते पक्क्या शाईने तारीख घालत, घडी करत आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून देत. नवीन गिऱ्हाइकाला वाटे, नवसबिवस असेल. आम्ही गल्लीतल्यांनी विचारणे केव्हाच सोडून दिले होते.

चंद्रपुरात पठाणपुरा गेटच्या अलीकडे, परकोटाच्या आत, त्यांचे दुकान. माझे घर समोरच. मी शाळेची खाकी चड्डी त्यांच्याकडे शिवली आणि सरकारी नोकरीला लागलो तेव्हाची पहिली पँटही त्यांनीच शिवली. मी आज बेचाळीस वर्षांचा बाबू आहे, पण त्यांच्यासाठी संजूच राहिलो.

त्यांची खरी ओळख पांढऱ्या कपड्यांसाठी. आमच्याकडे ऑक्टोबरात धम्मदीक्षेच्या सोहळ्याला सावली, आरमोरी, चामोर्शीपासून माणसे येतात. बायका पांढऱ्या लुगड्यात, माणसे पांढऱ्या सदऱ्यात. त्या सदऱ्यांचे आणि ब्लाउजांचे काम देवाजीभाऊंकडे पोळा झाला की सुरू होई. आता ज्या गावात सकाळी ओट्यावरच्या कोळशाच्या धुळीत बोटाने नाव लिहिता येते, त्या गावात पांढरे शिवायचे म्हणजे काय, हे ज्याने शिवले त्यालाच ठाऊक. ते दाराला ओले पोते लावत, खिडकी बंद ठेवत, पंखासुद्धा चालवत नसत, कारण पंखा धूळ फिरवतो. उकाड्यात घामाने निथळत बसत. घाम कापडावर पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल. सदरा शिवून झाला की लगेच पिशवीत. गिऱ्हाइकाने पिशवी दुकानात उघडायची नाही, हा नियम. एकदा एका पुढाऱ्याने उघडली, तर भाऊंनी सदरा परत घेतला, घरी नेऊन धुतला आणि तिसऱ्या दिवशी दिला.

“कपडा खोटं बोलत नाई,” ते म्हणत. “माणूस बोलते, कागद बोलते. कपड्यावर जे पडलं ते दिसते.”

दुसरे त्यांचे वाक्य कैचीचे होते. आमच्या गावाचा विकास चालू आहे, तो मी लहानपणापासून पाहतो आहे. रस्ता करतात, मग नळासाठी फोडतात, मग पुन्हा करतात, मग केबलसाठी फोडतात. चौकात कारंजे बसवले, ते एक महिना उडाले. परकोटाच्या भिंतीला रंगीत दिवे लावले, तेरड्याचा रंग तीन दिवस. प्रत्येक चौकात वाघाचा पुतळा आहे. खरा वाघ पाहायला ताडोब्याला जाणारे लोक मात्र गाडीच्या काचा वर करून आमच्या गावातून निघून जातात. हवा किती वाईट आहे ते दाखवणारा एक फलकही लावला होता. आकडे फार यायला लागले तेव्हा तो बंद पडला, आणि पुन्हा चालू करावा असे कोणाला वाटले नाही. देवाजीभाऊ दुकानात बसून हे सगळे पाहत आणि म्हणत, “यायनं माप न घेता कैची चालवली, संजू. आता जोड देत बसले. जोड दिलेला सदरा घालून माणूस लग्नात जाते काय?”

त्यांच्या बायकोचे नाव शेवंताबाई. तिला दमा. थंडी पडली की तिचा खोकला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येई. ओट्यावर बसून ती भाजी निवडे आणि मधूनच विळी बाजूला ठेवून भिंतीला हात लावून उभी राही. डॉक्टरांनी एकच सांगितले होते, धुळीपासून लांब राहा. चंद्रपुरातल्या बाईला हे सांगणे म्हणजे माशाला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यासारखे. डॉक्टर तरी काय करणार, त्याच्या दवाखान्याच्या खिडकीवरही तीच धूळ होती.

अशात बातमी आली की एक कंपनी आमच्या वस्तीमागे, झरपट नदीच्या काठाला, कोळशाचा साठा करणार. ट्रकने आणायचा, टाकायचा, मग भरून न्यायचा. वस्ती आणि तो साठा यांच्यात एक नाला आणि चार बाभळी. जनसुनावणी लागली. जनसुनावणी म्हणजे एका सभागृहात साहेब लोक बसतात, कंपनीचा माणूस पडद्यावर झाडांची चित्रे दाखवतो आणि लोकांनी आपले म्हणणे मांडायचे असते. ते लिहून घेतले जाते. लिहून घेणारा मी होतो.

तेव्हा देवाजीभाऊंनी मला ती पत्र्याची पेटी उघडून दाखवली. वर्षभराचे तुकडे, तारखेनुसार लावलेले. पावसाळ्यातले करडे, उन्हाळ्यातले काळे, दिवाळीनंतरचे सगळ्यांत काळे. मी सरकारी अहवाल खूप पाहिले आहेत, पण असा पाहिला नव्हता. वाचता न येणाऱ्या माणसालाही तो समजला असता. हे साहेबांपुढे मांडायचे आणि म्हणायचे, आहे तेवढेच आम्हाला सोसत नाही, आणखी घालू नका. माझ्या बायकोला जगू द्या, असे त्यांना म्हणायचे होते, पण ते तसे कधी म्हणाले नाहीत. तिलाही त्यांनी काही सांगितले नव्हते. चिंध्या कशाला जमवता म्हणून तिने विचारले तेव्हा वाकळ शिवायची आहे म्हणाले होते. तुझ्या श्वासाची मोजदाद करून राह्यलो, असे बायकोला कोण सांगेल?

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटी दुकानातून घरी आणली. तिला इतकेच म्हणाले की हे उद्या साहेबायले दाखवाचं आहे. आणि ते निघून गेले, कारण गल्लीतल्या लोकांना सुनावणीला चला म्हणून सांगत फिरायचे होते.

मी संध्याकाळी कचेरीतून आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. आत दोऱ्या बांधलेल्या. शेवंताबाईने सगळे तुकडे धुतले होते. साबण लावून, चोळून, नीळ देऊन. बाहेर वाळत घातले तर पुन्हा मळतील म्हणून घरातच दोऱ्यांवर वाळवले होते आणि वाळले तसे एकेक इस्त्री करून रचले होते. ती दिवसभर खोकत हे करत होती. तारखा तेवढ्या कोपऱ्यात जशाच्या तशा होत्या, शाई पक्की होती.

मला पाहून तीच बोलली. “पाय ना संजू, हे असे मळके फडके घेऊन साहेब लोकायपुढं चालले होते. आमच्या सासऱ्याले कचेरीत पायरीखाली उभं करत. मळके म्हणत. दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरातून मळका कपडा बाहेर गेला नाई. आता मी जिती असताना जाईल काय?”

तिचा चेहरा फुललेला होता. देवाजीभाऊंनी तिच्याकडे पाहिले, मग रचलेल्या त्या चळतीकडे. “चांगलं केलंस,” ते म्हणाले. “मले सुचलंच नाई.”

मी तेव्हा तोंड उघडायला हवे होते. तिला नीट समजावून सांगायला हवे होते, किंवा त्यांना म्हणायला हवे होते की उद्या सरळ सांगा काय झाले ते. मी चहा घेतला आणि घरी गेलो. मला वाटले, नवराबायकोचा प्रश्न आहे.

सुनावणीला ते त्या तुकड्यांचे गाठोडे घेऊन आलेच. न आणते तर तिने विचारले असते. तीही आली होती, पांढरे लुगडे नेसून, बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली. पुढे खुर्च्यांना साटिनची कव्हरे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. कंपनीच्या माणसाने रोजगार सांगितला, झाडे सांगितली, कोळशावर पाणी मारणार असे सांगितले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांनी माना डोलावल्या. मग देवाजीभाऊंचे नाव पुकारले.

त्यांनी गाठोडे टेबलावर सोडले. मोठ्या साहेबांनी एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, उलटसुलट करून पाहिला. हे काय आहे म्हणून विचारले. देवाजीभाऊंनी सांगितले की हे रोज दुकानाबाहेर लावलेले कापड आहे, यावर गावाची धूळ आहे. साहेब म्हणाले, कुठे आहे धूळ?

“धुतले आहेत, साहेब.”

“कोणी धुतले?”

देवाजीभाऊंनी मागे पाहिले. शेवटच्या रांगेत शेवंताबाई मान उंच करून बसली होती, आपण धुतलेले तुकडे साहेबाच्या हातात आहेत म्हणून.

“मीच,” ते म्हणाले.

सभागृह हसले. पुढच्या रांगेतले हसले, मागचे हसले, आमच्या गल्लीतले दोघेतिघे हसले. पुरावा आणायचा आणि तो धुऊन आणायचा, असा टेलर कोणी पाहिला होता? मी हसलो नाही, एवढेच माझे पुण्य. त्या हसण्यातच शेवंताबाईला ढास लागली. ती थांबेना. रांगेतल्या बाईने पाठ चोळली, कोणी बाटली दिली, तरी थांबेना. माइकमधूनही ऐकू येऊ लागली तेव्हा साहेब वैतागले. त्या बाईंना बाहेर न्या, कामात व्यत्यय येतो आहे, असे त्यांनी शिपायाला सांगितले. तिला दोघींनी धरून बाहेर नेले. देवाजीभाऊ तुकडे गोळा करत होते, ते तसेच टाकून तिच्या मागे गेले.

साहेबांनी मला मजकूर सांगितला आणि मी टाइप केला: ‘सदर अर्जदाराने सादर केलेल्या कापडाच्या तुकड्यांची पाहणी केली असता त्यावर धूळ आढळून आली नाही.’ शुद्धलेखनाची एक चूक नाही. ते कोणी धुतले, का धुतले, हे त्या सभागृहात मला एकट्याला ठाऊक होते. हात वर करून साहेबांना सांगायला किती वेळ लागला असता? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. त्याच गल्लीत वाढलेला दांडा, त्याच टेलरच्या हातची पँट घालून बसलेला.

साठ्याला परवानगी मिळाली. पाणी मारणारा टँकर मी आजवर दोनदा पाहिला, दोन्ही वेळा कोणीतरी मोठा माणूस भेट द्यायला येणार होता. बाभळी गेल्या. दुकानाबाहेरच्या तारेवर भाऊंनी पुन्हा तुकडा लावला नाही. मी एकदा विचारले तर म्हणाले, “आता कशाले? आता तर डोळ्यानंच दिसते.” त्या हिवाळ्यात शेवंताबाईला दोनदा दवाखान्यात नेले. दुसऱ्यांदा ती परत आली नाही. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले आहे. मरणाऱ्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंदच पडते, त्यात धूळ लिहायला रकाना नसतो.

मला राग आला की लोक सांगतात, जाऊ दे, विकास म्हटला की थोडे सोसावेच लागते. सांगणारे बहुतेक सिव्हिल लाइनमध्ये राहतात, घरात हवा शुद्ध करणारी मशीन लावून. आमच्या गल्लीने किती सोसायचे याचे माप कोणी घेतले, ते मला अजून कळलेले नाही.

देवाजीभाऊंनी दुकान बंद केले. मुलगी सावलीला दिली आहे, तिच्याकडे जातो म्हणाले. जायच्या दिवशी दुपारी ते माझ्या कचेरीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पांढरा सदरा, हातात एक पिशवी. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्या सुनावणीत काय लिहिले ते पाहायचे आहे म्हणाले. मी नक्कल काढून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच सगळे वाचले, कंपनीचे, झाडांचे, रोजगाराचे. मग आपल्या ओळीवर आले आणि तिथे बोट ठेवले.

“हे बरोबर हाये,” ते म्हणाले. “धूळ नव्हतीच. तिनं एक डाग ठेवला नव्हता.”

मी म्हणालो, भाऊ, माझे चुकले.

 त्यांनी पाने पुन्हा उलटली, पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवले.

“पन ती त्या दिवशी खोकत होती ना, संजू? सगळ्यायनं ऐकलं. त्या साहेबानं तर तिले बाहेर काढलं. ते इथी कुठी लिवलं हाय?”

ते लिहायला सांगितले नव्हते, असे मी म्हणालो.

“तुले ऐकू आलं होतं का नाई?”

“आलं होतं.”

“मंग लिव ना आता.” त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, ओळींमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहत उभे राहिले.

सही झाल्यानंतर इतिवृत्तात काही घालता येत नाही, भाऊ, असे मी त्यांना सांगितले. हे वाक्य मी नोकरीत खूप लोकांना ऐकवले आहे, आणि ते नियमाला धरून आहे. देवाजीभाऊंनी चष्मा काढला. मग नक्कल घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि सावलीची गाडी किती वाजता सुटते ते विचारले.