उसाच्या वळणावरचा चौथा झोन

"हृदयाच्या तीन नळ्यांपैकी एक जवळजवळ बंद आहे," डॉक्टर म्हणाले, तेव्हा हे माझ्याकडे बघत होते आणि मी यांच्या शर्टाच्या खिशाकडे. तंबाखूची पुडी तिथंच असायची.

अँजिओप्लास्टी झाली. म्हणजे बंद नळी फुग्यानं उघडून आत स्टेंट, बारीक जाळीची नळी, बसवली. पिंपळवंडीला घरी आलो. पुढच्या तपासणीत यांना ट्रेडमिलवर चालवून डॉक्टरांनी हार्ट रेट झोन ठरवून दिले. झोन म्हणजे नाडीच्या वेगाच्या पायऱ्या. पहिली आरामाची, पाचवी जीव खाऊन पळण्याची. यांनी दुसरीत राहायचं. "चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. औषधानं तुमची नाडी मंद राहते, म्हणून घड्याळातले तयार झोन धरू नका, आम्ही दिलेलेच धरा."

मुलीनं घड्याळ आणून त्यात ते आकडे भरले. घड्याळ यांच्या मनगटावर आणि आलेख माझ्या मोबाइलवर. ही सोय मीच करून घेतली होती.

रोज संध्याकाळी रेघ शहाण्यासारखी चालायची आणि मध्येच ताडकन चौथ्या झोनमध्ये चढायची. विचारलं की म्हणायचे, "घड्याळ येडं हाय." मला वाटलं, तंबाखूच. शर्टांचे वास घेतले, खिसे उलटे केले, टपरीवाल्याला गोड बोलून विचारलं. काहीच सापडेना, तसा माझा संशय आणखी वाढला.

आलेख बघून डॉक्टर मात्र गंभीर झाले. "ठोक्यांची लय बिघडत असेल तर पुन्हा अँजिओग्राफी करावी लागेल. आधी होल्टर लावू." होल्टर म्हणजे छातीला चिकटवून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र. तंबाखूच निघू दे रे बाबा, असं मी देवाला म्हणाले.

होल्टर लावलेल्या संध्याकाळी मी यांच्या मागं मागं गेले. कालव्याच्या कडेनं हे छान सावकाश चालले होते. उसाच्या वळणावर थांबले, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावलं आणि पायजमा सावरून धूम पळाले.

मी हाक मारली. हे धापा टाकत म्हणाले, "हितं बिबट्या दिसला व्हता. पिल्लं व्हती संगं."

"मग रस्त्यानं जायचं. मला सांगायचं."

"रस्त्यानं जो तो तब्येत इचारतो. आन तुला सांगितलं असतं तर तू घराभाईर पडू दिलं नसतंस."

ते खरंच होतं.

होल्टरमध्ये लय चांगली निघाली. डॉक्टर हसले, मग पळण्यावरून यांना चांगलंच झापलं. त्यांचे उपकार आहेतच. पण तुमच्या घरी असा आलेख आला, तर डॉक्टरांना दाखवाच आणि एकदा आपल्या माणसाबरोबर चालूनही बघा.

आता आम्ही दोघं रस्त्यानं जातो. झोन कळावा म्हणून मी प्रश्न विचारत राहते. नुसतं 'हं' चालत नाही, ते कुठल्याही झोनमध्ये म्हणता येतं. पूर्ण वाक्य लागतं. इतकं आम्ही लग्नाच्या नव्या नवलाईतही बोललो नव्हतो.

परवा मी काही न विचारताच हे म्हणाले, "आपरेशनच्या टेबलावर बी उसाच्या वळणावर व्हायचं तसंच धडधडत व्हतं. तिथं पळता येत न्हवतं, येवढंच."

मी तशीच यांच्याबरोबर चालत राहिले.

त्या दिवशी घरी येऊन मी आलेख उघडला नाही. शर्ट धुवायला टाकताना खिसे मात्र चाचपले.