दहा टक्के पाणी

माझी धाकटी जाऊ मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे वाचाल त्यातलं तिखटमीठ किती वेगळं काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तसं तिच्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि माझं खरं दुखणं तेच होतं. आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या आणि एकाच कंपनीत कामाला. देशाचं तेल जमिनीतून काढणारी सरकारी कंपनी. मी मुख्य कार्यालयात, सातव्या मजल्यावर, नियोजन विभागात. ती शहराबाहेर, बसने चाळीस मिनिटांवर, सगळ्यात जुन्या तेलक्षेत्राच्या प्रयोगशाळेत. कंपनीच्या वसाहतीत आमची दारं समोरासमोर. सासूबाई राहायच्या माझ्याकडे आणि रमायच्या तिच्याकडे. माझ्या घरात त्यांचे गुडघे दुखायचे. समोरचं दार उघडलं की बाई टुणकन उठायच्या.

तिचं काम काय, तर टाकीवर चढून नमुने काढायचे. तीन मजली इमारतीएवढी टाकी, तिच्या अंगाभोवती गोल फिरत वर जाणारा लोखंडी जिना, आणि छतात एक झाकण. झाकण उघडलं की आतल्या वाफा निघून जाईपर्यंत बाजूला उभं राहायचं, मग वजन बांधलेली बाटली दोरीने आत सोडायची. एक नमुना वरचा, एक मधला, एक तळाचा. खाली येऊन ते तेल यंत्रात गरगर फिरवायचं आणि काचेच्या नळीवरच्या रेघा वाचायच्या: इतकं तेल, इतकं पाणी, इतका गाळ. दिवसातून दोनदा, एकोणीस वर्षं. क्षेत्रावरचे लोक तिला बाटलीबाई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मला मनातून गारगार वाटलं. पण तेवढंही सुख माझ्या वाट्याला नव्हतं. आठवडाभरात सासूबाईच शेजारणीला कौतुकाने सांगायला लागल्या, "आमची बाटलीबाई येईलच आता."

तिची एक सवय होती. कुणी कितीही घाई केली तरी निकाल आधी सांगायची नाही. "खाली बसू दे," म्हणायची. पाणी तळाला बसलं, गाळ बसला, की मग वाचायचं. घरीही तेच. दिरांनी कधी आदळआपट केली की ही शांतपणे म्हणणार, "बसू दे खाली." पंधरा मिनिटांत ते स्वतःच हसत चहा मागायचे. माझ्या घरात भांडण झालं की दोन दिवस भांड्यांचाच आवाज. क्षेत्रावरचा मुख्य अभियंता माझ्या अहवालांना वाटाण्याच्या अक्षता लावायचा आणि तिच्या एका चिठोऱ्यासाठी प्रयोगशाळेच्या दारात ताटकळत उभा राहायचा. हे मला तिने सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं असतं तर निदान तिला शेखी मिरवणारी तरी म्हणता आलं असतं.

आता माझं. तेवीस वर्षं मी आराखडे केले. कुठे विहीर खणायची, कुठली बंद करायची, पुढच्या पाच वर्षांत किती तेल निघेल, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आणि माझ्या नावावर एक मोठं काम होतं. मी नवीन असताना प्रत्येक क्षेत्रावरून रोज सकाळी पंपाच्या मीटरचा आकडा फोनवर यायचा. त्यात तेलाबरोबर वर आलेलं पाणीही धरलेलं असायचं. पाणी किती, हे प्रयोगशाळा दुपारी सांगणार, आणि आमचा अहवाल मात्र अकराच्या आत वर गेला पाहिजे. तिथे रोज घोडं पेंड खायचं. मी वर्षभराचे निकाल तपासले आणि नियम काढला: जुन्या क्षेत्राच्या आकड्यातून सरसकट दहा टक्के पाणी वजा करा, दुपारची वाट बघू नका. तेव्हा तो अगदी बरोबर होता. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आमच्या ह्यांनी वसाहतभर सांगितलं. त्यानंतर साहेब चार बदलले, संगणक आले, फोन गेले, पण माझे दहा टक्के कुणी हलवले नाहीत. मीसुद्धा नाही. प्रत्यक्षात तेल कमी पडायचं, पण सगळ्या क्षेत्रांचं तेल एकाच मोठ्या नळातून शुद्धीकरण कारखान्यात जायचं, आणि जी तूट यायची ती 'वाटेतली घट' म्हणून सगळ्यांच्या माथी थोडी थोडी मारली जायची.

त्या वर्षी पंचवीस वर्षांचा आराखडा करायचं ठरलं. तेल संपत जाणार, मग देशाने काय करायचं? कुठल्या क्षेत्रात अजून पैसा घालायचा, कुठलं मिटवायचं, जळून वाया जाणारा वायू कधी बंद करायचा, ऊन-वाऱ्याच्या विजेकडे कधी वळायचं. त्यासाठी शाश्वत विकास कक्ष निघणार होता, आणि ज्याचा आराखडा संचालक मंडळात पास होईल त्याला कक्षप्रमुख करणार, हे उघड गुपित होतं. ती खुर्ची मला हवी होती. उगाच आढेवेढे घेत नाही. तेवीस वर्षांनंतर तरी मला असं काहीतरी हवं होतं, जे समोरच्या दारात नसेल.

माझ्या आराखड्यात जुनं क्षेत्र अजून चौदा वर्षं चालणार होतं. त्यावर सगळं उभं होतं. चौदा वर्षं त्याचं तेल, तोवर नव्या विजेची तयारी.

एका रविवारी सकाळी मसुदा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. धाकटी सासूबाईंना डोळे तपासायला न्यायला आली. सासूबाई चप्पल शोधत होत्या, तोवर ही टेबलाशी उभी राहून वाचायला लागली. माझ्या कपाळावर आठी पडलीच.

"वहिनी, जुन्या क्षेत्राचा हा आकडा पाण्यासकट आहे का हो?"

"पाणी वजा केलंय. दहा टक्के."

"दहा?" ती थांबली. "हल्ली दहात सहा भाग पाणीच येतं, वहिनी. परवा तर साडेसहा होतं."

"तुझ्या टाकीत येत असेल."

"टाकी कंपनीचीच आहे की," ती हसली.

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "अगं, नीट विचारून घे तिला. तिचे हात रोज त्यातच असतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा नवरा, माझ्या टेबलावर, माझ्याच दहा टक्क्यांवरून मला हिला विचार म्हणतो! मी म्हटलं, "देशाचा आराखडा बाटलीत मावत नाही, बाई."

तिचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाली, आणि सासूबाईंचा हात धरून जिना उतरली. मला अर्धा तास फार छान वाटलं. नंतर ते साडेसहा माझ्या डोक्यात बसले ते उठेनात.

मंगळवारी मी काहीतरी निमित्त काढून क्षेत्रावर गेले. ती टाकीवर होती. प्रयोगशाळेत फळीवर सकाळच्या तीन बाटल्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या गोल अक्षरात चिठ्ठी. वरचा नमुना तळापर्यंत काळाभोर. मधला अर्धा काळा, अर्धा गढूळ. तळाच्या बाटलीत नुसतं पाणी, आणि वर बोटभर तेल तरंगत होतं. मी ती बाटली हातात घेऊन हलवली. सगळं क्षणभर काळं झालं आणि बघता बघता पाणी पुन्हा खाली बसलं. तेवीस वर्षं मी तेलाचे आराखडे करत होते, आणि तेल असं बाटलीत उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खिडकीतून ती जिना उतरताना दिसली. खाली उभा असलेला पंपवाला तिची नमुन्यांची पेटी घ्यायला पुढे झाला. आत आली तेव्हा कपड्यांना तेलाचा वास, कपाळावर काळा डाग, आणि तरीही चांगली दिसत होती. हेही लिहूनच टाकते.

"वहिनी! तुम्ही इथे?"

माझ्या हातात तिची बाटली होती. ती एकदा बाटलीकडे बघून कपाटाकडे गेली आणि एक जाड वही काढून माझ्यासमोर ठेवली. दर महिन्याची पाण्याची सरासरी, एकोणीस वर्षांची. बारा, पंधरा, एकोणीस, तीस, आणि शेवटच्या पानावर साठाच्या वर. दर वर्षी चढत गेलेलं पाणी.

"घेऊन जा. लागेल तुम्हाला."

एक शब्द खिजवून बोलली नाही. बोलली असती तर मी ती वही तिथेच टाकून निघाले असते. वही घेऊन परत येताना बसमध्ये मला तिचा इतका राग आला की उतरायचा थांबा चुकला.

पाणी खरं धरल्यावर चौदा वर्षांची पाच झाली. सगळा आराखडा उलटापालटा करावा लागला. जुन्या क्षेत्रात घालायचा पैसा काढून विजेकडे वळवला, मिटवायच्या विहिरींची यादी नऊ वर्षं अलीकडे ओढली. संचालक मंडळासमोर मी तो मांडला, जुने दहा टक्के आणि आताचे साठ टक्के शेजारी-शेजारी लिहून. मग अध्यक्षांनी विचारलं, "चुकीच्या आकड्यावर आपण पंचवीस वर्षांची इमारत बांधणार होतो. हे कुणाच्या लक्षात आलं?"

"नियोजन विभागाच्या," मी म्हणाले. "आम्ही फेरतपासणी केली."

"आणि हे दहा टक्के कुठून आले होते?"

"जुना नियम होता, सर."

त्यांनी टेबलावर हात आपटून शाबासकी दिली. पंधरा दिवसांत मी कक्षप्रमुख झाले. धाकटीने माझ्यासाठी नवं पेन आणलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, तिला किती आनंद झालाय." माझ्या आनंदाचं कुणी बघितलंच नाही.

कक्षाची पहिली फाईल माझ्याच आराखड्यातून आली. पाच वर्षांत मिटणाऱ्या क्षेत्राला स्वतंत्र प्रयोगशाळा परवडत नाही, ती आधी बंद करा. तिथले चौघे मोकळे होणार, आणि माझ्या कक्षात तीन जागा होत्या. मोकळ्या झालेल्यांना आधी घ्यायचं असा कंपनीचा नियम. चौघांतली सगळ्यात जुनी ती. सगळ्यात हुशार ती. मी चार अर्ज टेबलावर पसरले आणि तिघांना घेतलं.

कारण विचारू नका, सांगतेच. ती आली असती तर महिनाभरात शिपायापासून संचालकापर्यंत सगळे तिच्या टेबलाशी उभे राहिले असते. घरात समोर ती होतीच. कार्यालयातही समोर नको होती मला.

तिला बंदरावरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. सहा तासांची वाट. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुम्ही तिघांना घेतलंत ते फार बरं केलंत, वहिनी. त्यांची पोरं लहान आहेत. माझं काय, मी कुठेही राहीन."

मला ते सहन होईना. मी विचारलं, "तुला माहीत होतं का गं? आकडा सुधारला की तुझी प्रयोगशाळा बंद होणार ते?"

"म्हणजे काय! पाच वर्षं उरलेल्या क्षेत्राला प्रयोगशाळा कोण ठेवेल?"

"त्या रविवारीच माहीत होतं?"

"हो."

"मग बोललीस कशाला? गप्प बसायचंस ना. चौदा वर्षं तुझी नोकरी इथेच राहिली असती."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखी.

"पाणी होतं ना, वहिनी," ती म्हणाली.

मग तिने कागद सोडला. तळाच्या नमुन्याची बाटली होती, बूच लाखेने बंद केलेलं. "तुमच्या नव्या टेबलावर ठेवा. आठवण."

समोरचं दार आता बहुतेक बंदच असतं. दीर महिन्यातून दोनदा बसने बंदराला जातात. सासूबाई दिवसभर माझ्याच घरी असतात आणि त्यांचे गुडघे दिवसभर दुखतात. मला वाटलं होतं, ती नजरेआड झाली की पोटातली आग विझेल. पण पूर्वी मला तिच्या कौतुकाचा हेवा वाटायचा. आता ती 'पाणी होतं ना' एवढं एक वाक्य सहज बोलू शकली, त्याचा वाटतो, आणि ते मला जन्मात जमणार नाही हे मला माहीत आहे.

बाटली माझ्या टेबलावर आहे. बोटभर तेल, खाली पाणी. बैठकीला आलेले लोक ती उचलून बघतात आणि विचारतात, "ही कसली?" मी सांगते, ह्या एका नमुन्यावरून देशाचा आराखडा बदलला. "वा," ते म्हणतात, "कुणी काढला?"

"आमच्या विभागाने," मी म्हणते. दर वेळी तेच म्हणते.