ग्लास, तांब्या आणि चौथा मजला: आईसोबत अंताल्याला

नीटची परीक्षा संपली की लातुरातल्या आम्हा क्लासवाल्यांना दहा-बारा दिवस माणसासारखं जगता येतं. जुनी बॅच सुटलेली असते, रिपीटरची सुरू व्हायची असते. मी बायॉलॉजी शिकवते. गेल्या मे महिन्यात याच फटीत आईला घेऊन भूमध्य समुद्र बघून यायचं मी ठरवलं. ज्याला त्याला एकच प्रश्न, "गोवा जवळ नव्हता का?" होता की. पण आईच्या मनात गोवा नव्हता.

आई औसा तालुक्यात आमच्याच गावातल्या शाळेत भूगोल शिकवायची. भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, पिके ऑलिव्ह, द्राक्षे, संत्री. हे तिने इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की आजही भाजी निवडता निवडता म्हणून दाखवते. "पोरं इचारायची, बाई, हिवाळ्यात पाऊस पडतो तर तिथली लोकं पेरतात कधी? मला न्हाई सांगता यायचं," हे ती अजून खंतावून सांगते. मग म्हटलं, चल, बघूनच येऊ.

तुर्कस्तानातलं अंताल्या निवडलं ते नांदेडच्या एका ट्रॅव्हलवाल्यामुळे. "मॅडम, ऊन आहे, समुद्र आहे आणि मसुराचं सूप मिळतं, आई उपाशी राहणार नाहीत," तो म्हणाला. दोघींचा सगळा खर्च माझ्या दोन पगारांत बसला. व्हिसाची कागदपत्रं मात्र दोन महिने आधी सुरू करा. बँकेचं स्टेटमेंट जरा चुरगळलेलं होतं म्हणून मला परत पाठवलं होतं.

आमचं घोडं पेंड खायला लागलं ते हॉटेलपाशी. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आई स्लॅबखाली झोपत नाही. आमचं दगडमातीचं घर त्या पहाटे बसलं. बाबा तेव्हा नोकरीला नांदेडला होते, घरात आम्ही दोघीच. मी सात वर्षांची. पुढे लातुरात घर बांधलं तेव्हा मागची खोली तिने पत्र्याची करून घेतली. बाबा गेले, माझं लग्न झालं, वर दोन मजले चढले, पण आईची खोली अजून पत्र्याचीच आहे. मेमध्ये तिथे पापड वाळतील इतकं तापतं. शिवाय रोज रात्री जमिनीवर एक स्टीलचा ग्लास उलटा आणि त्याच्यावर तांब्या. जमीन जराशी हलली की तांब्या खाली आणि माणूस जागं. भूकंपानंतर आमच्याकडे पुष्कळ घरांत असं ठेवायचे. बाकीच्यांनी सोडलं, आईने नाही.

हॉटेलवाले म्हणाले, तळमजल्यावरून पार्किंग दिसतं, समुद्र चौथ्या मजल्यावरून. मी चौथा मजला घेतला आणि आईला सांगितलं नाही. एकदा तिथे पोहोचली की काय करेल, असा माझा शहाणपणा. हे तुम्ही करू नका.

निलंगा, बिदर, जहिराबाद करत सात तासांत हैदराबाद गाठलं. बिदरच्या आसपासचा रस्ता लोण्यासारखा आहे, दशम्या तिथेच सोडल्या. विमान दोनदा बदलून अंताल्याला उतरलो तर लख्ख ऊन. गावाबाहेरच्या रस्त्याला कापणीला आलेला गहू दिसला आणि आई टॅक्सीत ताडकन सरळ बसली. "वैशे, मे महिन्यात गहू उभा! म्हंजे ह्यांची सगळीच रब्बी की गं. हिवाळ्याच्या पावसावर पेरत्यात!" तिच्या चेहऱ्याकडे बघून मला माझे सगळे पैसे तिथेच वसूल वाटले.

मग लिफ्ट आली. मी चारचा आकडा दाबला. आईने आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"जिना कुठाय?" एवढंच विचारलं. खोलीत सामान टाकून ती जिन्याने खाली गेली आणि पुन्हा वर आली. "बहात्तर पायऱ्या," म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. बाल्कनीतून समोर अख्खा निळा समुद्र, त्याच्या मागे डोंगर, आणि मी आतल्या आत चोर.

मग तिने बॅग उघडली. ग्लास, तांब्या, आणि स्टीलचं एक ताट.

"ताट कशाला आणलंस?"

"हाटेलात गालिचा असतो म्हनं. गालिच्यावर पडल्यावर आवाज कुठून येनार?"

तिने ताट पालथं घातलं, त्यावर उलटा ग्लास, त्यावर तांब्या. आणि हे सगळं माझ्या पलंगापाशी. मी म्हटलं, "आई, तुझ्या उशाशी ठेव ना."

"मला कशाला? मी अशी बी जागीच असते. झोपतीस तू. घर पडायलं होतं तरी उठली न्हाईस. उचलून न्यावं लागलं तुला."

लहानपणी खोली एकच होती, ग्लास कुणासाठी ते कळायला वाव नव्हता. पुढे मी वरच्या मजल्यावर राहायला गेले, ग्लास जिन्यापाशी आला, तरी मी तिची भीती म्हणून हसत आले, नवऱ्यालाही हसवलं. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. मला रडू आलं, ते समुद्र बघून आलं असं मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काकडी, टोमॅटो, पांढरं चीज आणि चार तऱ्हेचे ऑलिव्ह. आईने एक तोंडात टाकलं आणि शिक्षिकेच्या गांभीर्याने म्हणाली, "ह्याच्यापेक्षा आपली कैरी बरी." पालक घातलेली गोझलेमे नावाची पोळी मात्र तिला फार आवडली. जुन्या गावातल्या गल्ल्या उताराच्या आहेत, चांगल्या चपला घाला. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. आई पदर खोचून पंधरा मिनिटं पाण्यात उभी राहिली.

परत आलो तर खोली आवरलेली, ग्लास-तांब्या धुऊन चहाच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवलेले. आवरणारी बाई अजून दाराशीच होती, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल. आईने तिचा हात धरून आत आणलं, ग्लासावर तांब्या रचला, आणि पंजा आडवा धरून थरथरवून दाखवला. "जलजला," आई म्हणाली. गावात आमचे मुसलमान शेजारी भूकंपाला हेच म्हणायचे.

ती बाई पलंगाच्या कडेला बसलीच. "झेलझेले," ती म्हणाली. पूर्वेकडे कुठेतरी लांब हात केला, मग दोन्ही हातांनी घर खाली आलं ते दाखवलं. जमिनीपासून दोन उंच्या दाखवल्या, एक कमरेएवढी, एक गुडघ्याएवढी. मला वाटलं, गेली दोन्ही. तिने फोन काढला. दोन्ही लेकरं फोटोत हसत होती, नव्या शाळेच्या कपड्यांत. आईने फोनवरूनच त्यांची दृष्ट काढली.

पुढचे चार दिवस ती खोली आवरायची आणि ग्लास, तांब्या, ताट पुसून जसंच्या तसं माझ्या उशाशी रचून जायची.

घरी आल्यावर बॅग मीच उपसली. लोकम नावाच्या तिकडच्या मिठाईच्या वड्या निघाल्या, गोटे निघाले, शेंगदाण्याची उरलेली चटणी निघाली. ग्लास-तांब्या नव्हता, ताटही नव्हतं.

"तिला दिलं," आई म्हणाली. "तिची लेकरं ल्हान हायत. ल्हान लेकराची झोप लई गाढ."

सहलीतून काय राहिलं म्हणाल, तर समुद्र हळूहळू पुसट होईल, फोटो फोनमध्ये पडून राहतील. रिपीटरची बॅच सुरू झाली की मला वारही आठवत नाही. पण त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून एक ग्लास आणि तांब्या घेतला, आईच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि तिच्या उशाशी जमिनीवर बसून रचायला लागले.

आई खाटेवरून बघत होती. "माझ्यासाठी?"

"हं. आता तू झोपायचं. उचलून न्यायला मी आहे."

मग तिने चष्मा काढून ठेवला, भिंतीकडे कूस वळवली आणि म्हणाली, "ग्लास उलटा ठेव गं. सुलट्यावरनं तांब्या न्हाई पडत."